जुना टब, बेसिन आणि टाइल्स घरीच रंगवल्या, त्याची सगळी हकीकत

डब्यावर लिहिलेलं असतं की दोन हात मारा, तीन दिवस पाणी लावू नका, झालं. वाचून वाटतं शनिवार-रविवारचं काम आहे. तसं अजिबात नाहीये. रंग मारणं हा यातला सगळ्यात छोटा भाग, खरं काम त्याच्या आधीचं. तेच नीट सांगावं म्हणून एवढं लिहितेय, कारण मी शोधत होते तेव्हा सगळीकडे फक्त आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो, मधलं कोणीच सांगत नव्हतं.

आमचं घर नाशिकरोडला, जेलरोडच्या बाजूला. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, प्रेसमध्ये असताना ८६ साली बांधलेलं (इकडे प्रेस म्हटलं की नोटांचीच). बाथरूमला भिंतीवर त्या काळातल्या सहा बाय सहाच्या फिक्या गुलाबी टाइल्स, पांढरं बेसिन, आणि एक बिडाचा टब. हा टब अण्णांनी देवळाली कॅम्पातला एक जुना बंगला पाडत होते तिथून आणलेला, टेम्पोत घालून, उचलायला अख्खी गल्ली लागली होती म्हणे. उन्हाळ्यात सगळी पोरं त्यातच असायची आणि आता अण्णांची कंबर धरली की गरम पाण्यात बसायला त्याचा खूप आधार आहे. पण अवस्था फार वाईट झाली होती. बोअरचं पाणी, त्यामुळे क्षारांचा पांढरा जाड थर, नळाच्या खाली गंजाचा तपकिरी ओघळ, जाळीच्या भोवती टवके उडून काळं बीड उघडं पडलेलं. चकाकी तर कधीच गेलेली, वर्षानुवर्षं बाथरूमचं ॲसिड टाकून घासल्यावर दुसरं काय होणार. टबावरचा पांढरा भाग म्हणजे रंग नसतो, ती काच असते. काचेची पूड सुमारे ८०० डिग्रीला वितळवून बिडावर बसवतात, जुन्या एनॅमलच्या टमरेलासारखं. ॲसिडने ती काच हळूहळू खाल्ली जाते, मग ती खरखरीत होते, मग मळ जास्त धरते, मग आपण अजून ॲसिड टाकतो.

तोडून नवीन करायचा विचार केला होता. पण टब बाहेर काढायचा तर दाराची चौकट तोडावी लागणार, टाइल्स फोडल्या की वॉटरप्रूफिंग नव्याने, राबिट उचलायचं वेगळं, आणि गवंड्याने सांगितलेला आकडा लाखाच्या पुढे. शिवाय अण्णा टब तोडायला तयारच नव्हते आणि मला त्यांचं पटत होतं. चांगली वस्तू आहे ती, वरचा थर गेलाय म्हणून अख्खी वस्तू भंगारात कशाला घालायची?

मग टब रंगवून देणारा एक जण बघायला आला. म्हणाला, एका दिवसात करून देतो, जुनं सगळं रिमूव्हरने काढतो आणि वरून स्प्रे. रिमूव्हरचा डबा त्याच्या हातातच होता. तेवढ्यात माझे मामा आलेले. मामा आयुष्यभर अंबड एमआयडीसीत एका कारखान्याच्या पेंट शॉपला, म्हणजे रंगकामाच्या विभागात, होते, त्यांनी डबा हातात घेतला, वास नाही घेतला, फक्त मागचं लेबल वाचलं आणि त्याला म्हणाले, "दादा, यात एमडीसी आहे, या खोलीत हे उघडायचं नाही." त्याला राग आला आणि तो गेला.

एमडीसी म्हणजे मिथिलिन क्लोराइड. मामा म्हणाले, आम्ही याचा ड्रम शेडच्या बाहेर उघड्यावर ठेवायचो, रंगवायच्या वस्तू टांगायचे हुक आणि जिग, त्यांच्यावरचा जुना रंग काढायला लागायचा, पण बंद जागेत कधी नाही. नंतर मी वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात टब रंगवायचं काम करणारी १३ माणसं याच केमिकलने गेल्याची नोंद आहे, बहुतेक सगळी एकट्याने बाथरूममध्ये काम करताना. कारण याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती टबात खाली साचते, आणि माणूस तर टबात डोकं घालूनच घासत असतो ना. भोवळ येते, माणूस तिथेच पडतो, आणि शरीरात गेल्यावर त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो ते वेगळंच. तिकडे २०१९ मध्ये घरगुती वापराच्या रिमूव्हरमध्ये ते विकायला बंदी आली आणि २०२४ मध्ये अजून कडक नियम आले. आपल्याकडे कोणी डबा घेऊन आला तर लेबल वाचा, इंग्रजीत बारीक अक्षरात असतं, पण वाचा. आणि खरं म्हणजे टबावरचा मूळ काचेचा थर काढायची गरजच नसते, तोच तर सगळ्यात पक्का पाया असतो. रिमूव्हर लागतो तो आधी कोणीतरी रंगवलेला असेल आणि तो सुटत असेल तेव्हाच.

मग मामा म्हणाले, "अगं, आपणच करू. पण माझ्या पद्धतीने करायचं, घाई केलीस तर मी निघून जाईन."

आता रंग कुठला हा प्रश्न. साधा ऑइलपेंट तर नाहीच, गरम पाण्यात तो फुगतो आणि सालं निघतात. गाड्यांना मारतात तो पीयू (पॉलियुरेथेन), हार्डनरवाला, म्हणजे घट्ट करणारं दुसरं द्रव्य मिसळायचा, चकाकी सगळ्यात सुंदर आणि पिवळा पडत नाही, इथल्या द्वारकाकडच्या गॅरेजवाल्यांकडे सहज मिळतो. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. स्प्रे करताना ते बारीक थेंबांतून श्वासात जातं, त्याने दमा होऊ शकतो आणि एकदा शरीराने ते धरलं की नंतर अगदी थोड्यानेही त्रास होतो. वास येऊन कळेल असंही नाही. त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, तो घरी कुठून आणणार. म्हणून आम्ही टब आणि टाइल्सला दोन डब्यांचा इपॉक्सी घेतला, आयत्या वेळी मिसळायचा. तो उन्हाने पिवळसर पडतो हे खरं, पण आमच्या बाथरूमला वर एक छोटीशी खिडकी, ऊन येतच नाही. बेसिनला मात्र तयार स्प्रे कॅन, टब-टाइलसाठीचा म्हणून येतो तो. कॅनमधला इपॉक्सी एकाच भागाचा असतो, हवेने सुकतो, त्यामुळे दोन डब्यांच्या इतका टणक होत नाही. बेसिनला चालतो, टबाला माझ्या मते घेऊ नये. आणि कॅन घेताना त्यावर टू-के (2K, म्हणजे दोन भागांचा) लिहिलंय का बघा, त्यातल्या बऱ्याच कॅनमध्ये तेच आयसोसायनेट असतं.

आता मुख्य गोष्ट, साफसफाई.

मामांच्या कारखान्यात लोखंडाला रंग लागायच्या आधी ते सात टाक्यांतून जायचं. तेल काढायची टाकी, धुवायची, गंज काढायची, परत धुवायची, असं करत करत शेवटी कुठे रंगाच्या बूथमध्ये. मामा म्हणायचे सहा महिन्यांनी रंग निघाला तर लोक रंगाला शिव्या देतात आणि चूक असते पहिल्या टाकीची. तर आमची पहिली टाकी म्हणजे तेल. बाथरूममध्ये किती तेल असतं याचा विचारच आपण केलेला नसतो! डोक्याचं खोबरेल, बाळाला मालिश केलेलं तेल, दरवर्षी दिवाळीचं अभ्यंग, साबणाचा चिकट मेणचट थर. हे सगळं टाइल्सवर आणि टबाच्या कडेला बसलेलं असतं आणि दिसत नाही. आधी क्षार काढले, लिंबूसत्त्व गरम पाण्यात घालून जुन्या फडक्यांच्या पट्ट्या भिजवून टबावर चिकटवून ठेवल्या, मग थर भुसभुशीत होऊन प्लास्टिकच्या पट्टीने निघाला. ते भरपूर पाण्याने धुतलं. मग धुण्याचा सोडा आणि भांड्यांचं लिक्विड घालून घासलं, परत धुतलं. इथे एक फार महत्त्वाचं, ॲसिड आणि ब्लीच एका दिवशी एका जागी आणायचंच नाही, दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू होतो. आमच्याकडे फरशीला टाकायला हायपोची, म्हणजे ब्लीचचीच, बाटली कायम तिथेच असते, ती मी पहिल्यांदा बाहेर नेऊन ठेवली.

साफ झालंय हे ओळखायचं कसं, तर मामांनी दाखवलेली युक्ती मला सगळ्यात आवडली. तांब्याभर स्वच्छ पाणी टबाच्या भिंतीवर वरून हळूच सोडायचं आणि बघत उभं राहायचं. पाण्याचा सलग पातळ पडदा तयार झाला आणि तो अर्धा मिनिट तसाच टिकला तर जागा स्वच्छ. पण पाणी मध्येच फाटलं, थेंब थेंब झाले, गोल मोकळी बेटं दिसायला लागली, की तिथे तेल आहे. आमच्या टबात पोटाचा भाग छान झाला होता, आणि पाठ टेकायची कड, जिथे अण्णांचं तेल लावलेलं डोकं टेकतं, बरोबर तिथेच पाणी फाटत होतं. डोळ्यांना तो भाग इतरांपेक्षा जास्त पांढरा दिसत होता बरं का. तिथे परत सोडा, परत धुणं, परत तांब्या, असं पाणी फाटायचं थांबेपर्यंत करत राहिलो. टाइल्सवर पण तेच, साबण ठेवायच्या कोनाड्याखाली आणि शॉवरच्या उंचीला. तेल राहिलं की रंगात छोटे छोटे खड्डे पडतात, पेंट शॉपवाले त्याला फिश आय म्हणतात, आणि ते वरून कितीही रंग मारला तरी भरत नाहीत.

सिलिकॉनचं पण तसंच. टब आणि भिंतीच्या फटीत कोणीतरी कधीतरी भरलेलं सिलिकॉन ब्लेडने सगळं काढलं, त्याचा पुसट डाग राहिला तरी रंग धरत नाही. हे काम कंटाळवाणं आहे पण सोडू नका.

मग घासणं. चकचकीत काचेवर रंगाला पकड मिळत नाही म्हणून ती मॅट करायची. धंदेवाले यासाठी हायड्रोफ्लोरिक ॲसिड पण वापरतात, ते हाडांपर्यंत जातं, घरी नावही काढू नका. आम्ही वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर) घेतला, आधी २२० नंबरचा मग ४००चा, आणि सगळं ओलं घासलं. ओलं का, तर जुन्या एनॅमलमध्ये शिसं असू शकतं आणि कोरडं घासलं की त्याची धूळ घरभर उडते, घरात लहान मुलं. घासताना निघालेला पांढरा चिखल फडक्यांनी उचलून ती फडकी फेकूनच दिली, धुऊन परत वापरली नाहीत. सगळीकडे एकसारखं मंद, दुधी दिसायला लागलं की झालं. चमकणारा ठिपका दिसला तर तिथे राहिलंय. टवक्यांच्या जागी गंज पूर्ण खरवडून एम-सील भरलं आणि सुकल्यावर बोटांना कड लागेनाशी होईपर्यंत घासलं. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, डोळे मिटून बोट फिरवा.

यानंतर वाळवणं. मी म्हटलं झालं, आता मारू रंग. मामा म्हणाले, "नळ बघ." नळ थेंब थेंब गळत होता. प्लंबरला बोलावून वॉशर बदलून घेतलं, शॉवरचा मेन कॉक बंद केला, आणि बाथरूमला पंखा लावून ठेवला. टाइल्समधल्या सिमेंटच्या सांध्यांत पाणी किती मुरलेलं असतं ते बघायला मामांनी रात्री सांध्यांवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून ठेवला, सकाळी आतून दव. म्हणजे अजून ओलं. जेव्हा प्लास्टिक सकाळी कोरडं निघालं तेव्हाच पुढे गेलो. तोपर्यंत आम्ही सगळे मागच्या मोरीत आंघोळ करत होतो आणि अण्णा रोज विचारायचे, सुकलं का गं.

ऋतू फेब्रुवारीच्या शेवटाचा धरला होता, मुद्दाम. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतच इतकी ओल की रंगावर दुधासारखी झाक येते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा रात्री दहाच्या खाली जातो, इपॉक्सी थंडीत धड सुकतच नाही. आणि मे महिन्याच्या कडक उन्हात थेंब भिंतीवर पोचायच्या आत सुकतात, मग हाताला वाळूसारखं लागतं. तरी सकाळी लवकर नाही सुरू केलं, कारण बीड रात्रभर थंड राहतं, खोलीची हवा गरम झाली तरी टब थंडच. दव धरतं त्या तापमानाच्या निदान तीन डिग्री वर पृष्ठभाग पाहिजे असा पेंट शॉपचा नियम. घरी मामांनी ओलं फडकं टबावरून एकदा ओढलं आणि तो पट्टा किती पटकन वाळतो ते बघितलं. दुपारी झटकन वाळला, मग म्हणाले चल.

मारायच्या आधी गॅस गिझर बंद, सिलेंडरचा रेग्युलेटर बंद, बाथरूमचे सगळे स्विच बंद. रंगातल्या थिनरची वाफ पेट घेते, गिझरची एक ठिणगी पुरे आहे. खिडकीची काच काढून टाकली, टेबलफॅन दाराच्या बाहेर ठेवून आत वारा सोडला म्हणजे वाफ खिडकीतून बाहेर जाईल. एक्झॉस्ट फॅन लावला नाही, त्याची साधी मोटर वाफेत नको. कूलर तर अजिबात नको, तो ओल सोडतो. तोंडाला ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला रबरी मास्क, कापडी मास्क किंवा एन-९५ धूळ अडवतो, वाफ नाही. हातात नायट्राइलचे ग्लव्हज, कारण इपॉक्सीचा हार्डनर कातडीला लागून ॲलर्जी येते. नळ, जाळी, फरशी, दाराची कड सगळं मास्किंग टेपने आणि जुन्या गावकरी-देशदूत पेपरांच्या पानांनी झाकलं. मुलं आणि अण्णा नणंदेकडे सिडकोत. आणि एक जण सतत दाराबाहेर उभा, हा मामांचा नियम, एकट्याने हे काम करायचं नाही. माझा नवरा सुट्टी काढून उभा होता.

स्प्रे गन आणि लहान कंप्रेसर मामांच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून आणला होता. मामांनी आधी पुठ्ठ्यावर मारून बघितलं, मग मला दिलं. मनगट वळवायचं नाही, अख्खा हात भिंतीला समांतर न्यायचा. सुरुवात टबाच्या बाहेरून, म्हणजे ट्रिगर दाबल्यावर पहिला फवारा कागदावर पडतो, आणि शेवट पण बाहेरच. अंतर साधारण एक वीत, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवायचा. पहिला हात अगदी पातळ, खालचं दिसलं पाहिजे असा. तिथेच माणसाला मोह होतो की झाकून टाकू. नाही! जाड मारला की उभ्या भिंतीवर ओघळ आलाच. पहिला हात बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही इतका वाळू द्यायचा, मग दुसरा, मग तिसरा. टबाच्या तळाच्या गोलाईत फवारा उलटून येतो, म्हणून तिथे हवेचं प्रेशर कमी केलं. मिसळलेला रंग ठरावीक वेळच टिकतो, मग कपातच घट्ट व्हायला लागतो आणि गरम होतो, म्हणून थोडा थोडा मिसळत गेलो. मध्ये मध्ये मास्क काढायला बाहेर गच्चीवर जायचं, खोलीत नाही.

बेसिन तर भिंतीवरून उतरवून गच्चीतच नेलं, उघड्यावर कॅनने मारलं. कॅन आतली गोळी वाजायला लागल्यावर पुढे निदान मिनिटभर हलवायचा. गच्चीत वारा होता म्हणून तीन बाजूंनी पुठ्ठे उभे केले.

भिंतीच्या टाइल्स रंगवल्या की सांधेही त्याच रंगाचे होतात, भिंत एकसंध दिसते, कोणाला आवडतं कोणाला नाही. मला आवडलं. फरशीच्या टाइल्सना हात लावला नाही आणि तुम्हीही लावू नका. आपल्याकडे बाथरूमची फरशी कायम ओली, वर स्टीलच्या बादल्या ओढल्या जातात, रंग टिकणार नाही आणि ओला गुळगुळीत रंग म्हणजे म्हाताऱ्या माणसाला पडायला निमित्त.

डब्यावर तीन दिवस लिहिलं होतं, मामांनी आठवडा थांबवलं. त्यानंतर नवीन सिलिकॉन भरलं, नळ चालू केले. अण्णा आत जाऊन टबाच्या कडेवरून हात फिरवत बराच वेळ उभे होते, आणि मग मामांना म्हणाले, आता पाणी कुठलं सोडायचं, बोअरचं की गंगापूरचं? गंगापूरचंच सोडतो आता, म्हणजे धरणातून येणारं नळाचं, क्षार कमी धरतात.

वर्ष होऊन गेलं. टब जसाच्या तसा आहे. बेसिनला एका ठिकाणी, जिथे स्टीलचा तांब्या आपटतो, बारीक टवका गेलाय, कॅनचाच रंग तो, तिथे घासून परत मारता येईल. भिंतीला काहीही नाही. ॲसिड आणि तारेची घासणी घरातून हद्दपार केलीये, कामाला येणाऱ्या मावशींना समजावून सांगितलं, साधं लिक्विड आणि स्पंज. टबात घसरू नये म्हणून चोषक असलेली रबरी मॅट विकायला असते ती घेऊ नका, तिचे ते चोषक रंग ओढून काढतात. आम्ही टबाच्या बाजूला भिंतीत धरायला दांडा बसवून घेतला, अण्णांना तोच जास्त उपयोगी पडतो.

आता नणंदेला तिच्या सिडकोतल्या घरातल्या टाइल्स करायच्यात. मामा येणार आहेत, गन पण मिळेल. ती रंगाचे शेड बघत बसलीये. मी तिला म्हटलं, शेड नंतर बघू, आधी तांब्याभर पाणी भिंतीवर सोड आणि मला फोटो पाठव.